टालर आणि गुल्डन : जर्मन संस्थानांचे रुपे

तळहातावर घेतले असता दीड तोळ्याहून थोडे अधिक भरणारे, जुन्या रुपयापेक्षा किंचित मोठे असे चांदीचे एक नाणे असते. त्याच्या एका अंगास कोणा राजाचे मस्तक, दुसऱ्या अंगास मुकुटमंडित ढाल किंवा पंख पसरलेला गरुड, आणि कडेने फिरणाऱ्या अक्षरांत एक चमत्कारिक वचन : 'तीस मिळून एक पौंड निर्भेळ'. राजाचे नाव, राज्याचे नाव, साल हे सर्व समजण्यासारखे आहे. परंतु नाण्यावर त्याच्यातील चांदीचा हिशेबच कोरून ठेवावा, याचे आजच्या माणसास नवल वाटते. आज नाण्यावर आकडा असतो आणि तो आकडा खरा मानावयाचा असतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन व्यापाऱ्याचा आपल्या राजावर इतका विश्वास नव्हता, आणि शेजारच्या राजावर तर मुळीच नव्हता.

हे नाणे म्हणजे टालर. जर्मन संस्थानांची चांदीची नाणी जमविणाऱ्या छांदिष्टाचा प्रवास बहुधा येथूनच सुरू होतो, आणि मग तो सहसा संपत नाही.

जर्मनी नावाचे एकसंध राज्य १८७१ पूर्वी नव्हतेच. १८०६ मध्ये नेपोलियनच्या धक्क्याने जुने पवित्र रोमन साम्राज्य कोसळले, आणि त्याच्या पराभवानंतर १८१५ मध्ये जो जर्मन संघ स्थापन झाला त्यात सुमारे ३९ राज्ये होती. ऑस्ट्रियाचे साम्राज्य आणि प्रशियाचे राज्य हे त्यांतील दोन हत्ती; बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, व्युर्टेंबर्ग ही मध्यम राज्ये; त्याखाली डची, महाडची, आणि सकाळी घोड्यावर बसून निघालेला स्वार दुपारच्या जेवणापूर्वी ज्यांच्या सीमेबाहेर पडेल अशी चिमुकली संस्थाने. शिवाय हांबुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक आणि फ्रांकफुर्ट ही चार स्वतंत्र नगरे. यांतील बहुतेकांना नाणी पाडण्याचा अधिकार होता, आणि अधिकार असला की तो गाजविण्याची हौसही असतेच. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वडीलधाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये. हाली शिक्का आणि कलदार यांचा भाव रोज विचारावयाचा, बाबाशाही रुपया सीमेपलीकडे नेताना सराफाला बट्टा द्यावयाचा, हा अनुभव आपल्याकडील संस्थानी मुलखातून फार जुना नाही.

टालर हे नाव मात्र या संस्थानांहून जुने. बोहेमियातील योआखिमस्टाल या डोंगरी गावी सोळाव्या शतकाच्या आरंभी चांदीची मोठी खाण लागली आणि तेथील श्लिक घराण्याच्या सरदारांनी १५२० च्या सुमारास ठसठशीत, जड अशी चांदीची नाणी पाडावयास प्रारंभ केला. 'टाल' म्हणजे दरी. योआखिमाच्या दरीतले म्हणून नाणे 'योआखिमस्टालर' झाले, लोकांच्या तोंडी त्याचा 'टालर' झाला, आणि त्याच शब्दाने पुढे समुद्र ओलांडून 'डॉलर' हे रूप घेतले. त्याच खाणीतल्या खनिजातून पुढे क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. परंतु ती कथा निराळी.

संग्राहकाला प्रथम शिकावे लागते ते वजनांचे शास्त्र. जर्मन टांकसाळींचे जुने माप म्हणजे कोलोनचा मार्क, सुमारे २३४ ग्रॅम. या एका मार्कभर शुद्ध चांदीतून किती नाणी पाडावयाची, यावर सगळे राजकारण चाले. ऑस्ट्रिया व बव्हेरिया यांनी १७५३ मध्ये करार करून दहा टालरांचे प्रमाण ठरविले. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७५० मध्येच चौदांचे प्रमाण घेतले होते. म्हणजे दक्षिणेचा टालर जड, उत्तरेचा हलका. दहाच्या प्रमाणातील एक नाणे जगभर गाजले, ते म्हणजे १७८० हे एकच साल मिरविणारा मारिया थेरेसाचा टालर. अरबस्तान आणि अबिसीनियात तो इतका चाले की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४० व १९४१ साली इंग्रज सरकारने तो चक्क मुंबईच्या टांकसाळीत पाडून घेतला. मेलेल्या राणीच्या नावाने, दुसऱ्याच देशात, तिसऱ्यासाठी पाडलेले हे नाणे आपल्याकडील जुन्या सराफांच्या पेढीवर क्वचित दिसले तर आश्चर्य नको.

प्रमाण दोन, परंतु सुट्या नाण्यांचे प्रकार किती! प्रशियात तीस सिल्बरग्रोशनांचा एक टालर आणि बारा फेनिगांचा एक ग्रोशन. शेजारच्या सॅक्सनीत १८४१ पासून ग्रोशन तीसच, पण फेनिग दहा. बव्हेरियात टालर नव्हे तर गुल्डनचा हिशेब, आणि एका गुल्डनचे साठ क्रॉइट्सर. हांबुर्गला सोळा शिलिंगांचा मार्क. मेक्लेनबुर्गला एका टालरास अठ्ठेचाळीस शिलिंग. ब्रेमेनचे व्यापारी तर हिशेब सोन्यात करीत, नाणी मात्र चांदीची पाडीत आणि एका टालरचे बहात्तर ग्रोट मोजीत. बर्लिनहून म्युनिकला निघालेल्या प्रवाशाने वाटेत किती वेळा खिसा रिकामा करून पुन्हा भरला असेल, आणि दर वेळी त्यातून सराफाकडे किती उतरले असेल, याचा हिशेब त्या सराफांनाच ठाऊक.

व्यापार वाढला तसा हा छळ असह्य झाला. १८३४ च्या पहिल्या जानेवारीस प्रशियाच्या पुढाकाराने जकात संघ अस्तित्वात आला; माल जकातीवाचून सीमा ओलांडू लागला, पण पैसा अडून राहिला. तेव्हा १८३७ मध्ये दक्षिणेकडील राज्यांनी म्युनिक येथे एकत्र येऊन मार्काला साडेचोवीस गुल्डन हे प्रमाण मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी, ३० जुलै १८३८ रोजी, ड्रेस्डेन येथे उत्तर आणि दक्षिण यांची गाठ पडली. चौदा टालर बरोबर साडेचोवीस गुल्डन, म्हणजे चार टालरांस सात गुल्डन. दोन्हीकडे चालावे म्हणून एक भले थोरले संघनाणे ठरविण्यात आले, दोन टालरांचे अर्थात साडेतीन गुल्डनांचे. वजन ३७ ग्रॅमांहून थोडे अधिक, म्हणजे तीन तोळ्यांच्या वर. त्यावर दोन्ही किमती शेजारी शेजारी छापलेल्या असतात. संग्राहकांच्या दृष्टीने हे नाणे म्हणजे राजमान्य ऐवज. पण ज्यांच्यासाठी ते काढले त्या सामान्य लोकांना ते फार जड आणि फार मोलाचे पडले. शॅम्पेनच्या एका बाटलीला ते पुरते म्हणून लोकांनी त्याला 'शॅम्पेन टालर' असे नाव ठेवले. ज्याच्या घरी शॅम्पेन येत नाही त्याला या नाण्याचा काय उपयोग, हा त्यातला टोला.

ही चूक १८५७ मध्ये सुधारली. व्हिएन्ना येथे त्या वर्षीच्या २४ जानेवारीस झालेल्या करारात ऑस्ट्रियाही सामील झाला, जुना मार्क जाऊन ५०० ग्रॅमांचा जकात-पौंड आला, आणि त्यातून तीस टालर पाडावयाचे ठरले. सुरुवातीस सांगितलेले वचन ते हेच. नऊ भाग चांदी, एक भाग तांबे, एकूण वजन साडेअठरा ग्रॅम. हा संघ-टालर पुढील पंधरा वर्षे सर्व राज्यांनी आपापल्या राजाच्या मस्तकासह पाडला. एकच नाणे, एकच वजन, एकच कस, आणि चेहरे मात्र डझनावारी. नव्या संग्राहकाला संघ-टालरांपासून आरंभ करावा असे जाणते लोक सांगतात, ते यासाठीच. प्रत्येक राज्याचा एक टालर एवढी मर्यादा घातली तरी संग्रहाला आकार येतो, आणि खिशालाही फार मोठे भोक पडत नाही. प्रशियाचे टालर विपुल आहेत. १८६१ मध्ये राजा विल्हेल्म आणि राणी आउगुस्टा यांच्या राज्याभिषेकाचे नाणे तर इतके पाडले गेले की तो आजही सहज हाती लागणारा नग आहे.

अडचण येते ती चिमुकल्या संस्थानांची. लिख्टेनश्टाइनने १८६२ मध्ये जे संघ-टालर पाडून घेतले ते अवघे १,९२०. रॉइस घराण्याच्या दोन शाखांचे टालर मिळविणे त्याहून सोपे, परंतु ओळखणे कठीण. या घराण्यात प्रत्येक पुरुषाचे नाव हाइन्रिश ठेवण्याची प्रथा. गादीवर बसो न बसो, जन्मलेल्या प्रत्येक मुलास क्रमांक मिळावयाचा. म्हणून १८५८ च्या एका टालरवर विसावा हाइन्रिश, तर त्याच वर्षाच्या दुसऱ्यावर सदुसष्टावा हाइन्रिश! दोघे समकालीन, दोघे वेगळ्या शाखांचे, आणि दोघांची राज्ये नकाशावर बोटाखाली झाकणारी. आपल्याकडील एखाद्या घराण्यात माधवराव आणि सयाजीराव यांची पुनरावृत्ती पाहून गोंधळणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने रॉइसचा वंशवृक्ष एकदा डोळ्यांखालून घालावा, म्हणजे त्याचा गोंधळ क्षुल्लक वाटेल.

खाणींचे टालर हा संग्राहकांचा आणखी एक आवडता पंथ. सॅक्सनी, प्रशियाचा मान्सफेल्ड प्रांत, आनहाल्ट, हार्त्स पर्वताचा हॅनोव्हरकडील भाग, येथे स्वतःच्या जमिनीतून निघालेल्या चांदीचे नाणे पाडताना त्यावर 'खाणीचा प्रसाद' अशा अर्थाची अक्षरे घालीत. खाणीत उतरणाऱ्या मजुराला या प्रसादातला केवढा वाटा मिळे, ते नाण्यावर लिहिलेले नाही. मार्टिन ल्यूथरचा बापही याच मान्सफेल्डच्या खाणधंद्यातला होता, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या सर्व पंथांत ज्याला कलेची आणि इतिहासाची ओढ आहे तो शेवटी बव्हेरियाच्या पहिल्या लुडविगकडे वळतो. १८२५ मध्ये गादीवर आलेला हा राजा विलक्षण होता. ग्रीक शिल्पाचा भक्त, कवितेचा हौशी, म्युनिकला अथेन्सचे रूप देण्यासाठी इमारतीमागून इमारत उठविणारा. आपल्या राज्यातील प्रत्येक महत्त्वाची घटना नाण्यावर यावी, असा त्याचा आग्रह होता. चालू चलनाच्या टालरची एक बाजू राजाच्या मुद्रेची, दुसरी बाजू प्रसंगाची; आणि ठसे कोरणारा कार्ल फ्रीड्रिश फोइग्ट हा खऱ्या अर्थाने कलावंत. या नाण्यांना 'इतिहास-टालर' असे नाव पडले. १८२६ मध्ये बव्हेरियाचे दोन थोर यंत्रविशारद, राइखेनबाख आणि फ्राउनहोफर, काही आठवड्यांच्या अंतराने वारले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ टालर निघाला. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषांना ज्याचे नाव चिकटले तोच हा फ्राउनहोफर; काचकाम करणाऱ्या कारागिराच्या पोटी जन्मून, पोरवयात कोसळलेल्या घराच्या ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेला. ज्या काळात नाण्यावर येण्याचा मान सेनापतींचा असे त्या काळात एका राजाने भिंगे घासणाऱ्याला तो मान दिला, ही गोष्ट लुडविगच्या पुष्कळ चुकांवर पांघरूण घालावयास पुरेशी आहे.

१८२८ चा टालर वेगळ्याच कारणाने लोकप्रिय. मधोमध राणी टेरेजे आणि तिच्या भोवती आठ मुलांची मस्तके, वर 'स्वर्गाचा आशीर्वाद' अशी अक्षरे. त्या आठांपैकी ऑटो या मुलाला १८३२ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या ग्रीसचा राजा म्हणून निवडण्यात आले, आणि त्याचाही टालर निघाला. तीस वर्षांनी ग्रीकांनी त्याला घालवून दिले. त्याचा टालर अर्थात निघाला नाही. १८३५ मध्ये न्युर्नबेर्ग ते फ्युर्ट या सुमारे सहा किलोमीटरांच्या रुळांवर जर्मनीतील पहिली आगगाडी धावली. इंजिन इंग्लंडातून स्टीफन्सनच्या कारखान्यातून आणलेले. तिच्याही नावाचा टालर आहे, आणि मुंबई-ठाणे आगगाडीच्या अठरा वर्षे आधीचा तो नग आगगाड्यांचे छांदिष्ट आणि नाण्यांचे छांदिष्ट या दोघांनाही हवा असल्यामुळे त्याचा भाव नेहमी चढा राहतो.

ही मालिका संपते ती दुहेरी टालरावर आणि खेदाने. १८४६ मध्ये म्युनिकमध्ये लोला मोंतेझ नावाची नर्तकी आली. स्पॅनिश म्हणवून घेणारी ही स्त्री प्रत्यक्षात आयर्लंडात जन्मलेली, आणि तिचे बालपणाचे काही दिवस लष्करी छावणीच्या आश्रयाने हिंदुस्थानात गेलेले. साठीतल्या राजाने तिला सरदारकी दिली, मंत्री तिच्यापायी बदलले, विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि त्यातच १८४८ च्या क्रांतीचा वणवा पेटला. मार्चमध्ये लुडविगने गादी सोडली. त्या प्रसंगाचेही नाणे आहे : पुत्र माक्सिमिलियन याच्या हाती मुकुट सोपविणारा पिता. स्वतःच्या पदत्यागाचेही स्मारक चांदीत उतरविणारा राजा विरळाच.

परंतु एकाच गावाच्या नाण्यांतून सबंध शतकाची कहाणी वाचावयाची असेल तर फ्रांकफुर्टकडे यावे. हे स्वतंत्र नगर. येथे राजा नाही, म्हणून नाण्यावर मस्तक नाही, नगराचा गरुड. १८५७ नंतरच्या टालरवर नगरदेवता फ्रांकोफुर्टिया स्त्रीरूपाने अवतरली. ठसा कोरणारा आउगुस्ट फॉन नॉर्डहाइम. या देवतेचा चेहरा आपल्या रंगभूमीवरील फानी यानाउशेक या नटीचा आहे अशी गावात आवई उठली आणि टालरला तिचेच नाव चिकटले. देवतेपेक्षा नटी लोकांच्या अधिक परिचयाची, हे तेव्हाही खरे होते.

याच नगरात १८ मे १८४८ रोजी सेंट पॉलच्या देवळात जर्मन राष्ट्राची पहिली लोकनियुक्त सभा भरली. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश यांचा तो मेळावा एका राष्ट्राची घटना लिहावयास बसला होता. त्या प्रसंगाचा दुहेरी गुल्डन नगराने पाडला. जूनच्या अखेरीस आर्चड्यूक योहान याची हंगामी राज्यपालक म्हणून निवड झाली. त्याचाही दुहेरी गुल्डन. हे दोन्ही नग अजून बऱ्यापैकी मिळतात. मग २८ मार्च १८४९ उजाडला. सभेने प्रशियाच्या चौथ्या फ्रीड्रिश विल्हेल्मला जर्मनांचा सम्राट म्हणून निवडले. दोनशेनव्वद मते त्याच्या बाजूने पडली, उरलेल्यांनी मत दिले नाही. नगराच्या टांकसाळीने ठसा तयार केला : प्रशियाचा राजा, जर्मनांचा निवडलेला सम्राट, तारीख २८ मार्च १८४९. शिष्टमंडळ बर्लिनला गेले, आणि राजाने मुकुट नाकारला. ईश्वराकडून आलेला मुकुट त्याला हवा होता. वकील-प्राध्यापकांनी हात वर करून दिलेला त्याला चिखलाचा वाटला.

तो दुहेरी गुल्डन मात्र राहिला. फार थोडे नग पाडले गेले होते, आणि म्हणून तो आज जर्मन संस्थानांच्या नाण्यांतील दुर्मिळांपैकी एक मानला जातो. नऊ-दशांश शुद्धतेची चांदी, वजन सुमारे २१ ग्रॅम. त्याच्या शेजारी ठेवलेल्या १८४८ च्या नगाइतकेच. तरी लिलावात दोघांमध्ये जे अंतर पडते ते चांदीचे नसते. जो सम्राट कधी झालाच नाही त्याच्या राज्यारोहणाचे ते नाणे आहे. पुढे सम्राट झाला, राष्ट्र एक झाले, परंतु ते तलवारीने. मतदानाने झाले असते तर पुढची शंभर वर्षे कशी गेली असती, हा प्रश्न ते नाणे हातात घेणाऱ्याला सुटत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात फ्रांकफुर्टने आपल्या गावचा सुपुत्र गोएथे याच्या जन्मशताब्दीचा दुहेरी गुल्डन काढला, आणि दहा वर्षांनी शिलरचा टालर. राजकारणात हरलेल्या नगराने कवींचा आश्रय घेतला असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही. १८६३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने जर्मन राजांची सभा फ्रांकफुर्टला बोलाविली. तिचाही टालर आहे. प्रशियाचा राजा, बिस्मार्कच्या हट्टामुळे, त्या सभेला आलाच नाही, आणि त्याच्याविना सभेचे काही झाले नाही. तीन वर्षांनी तो आला, पण सैन्य घेऊन. १८६६ च्या युद्धात नगराने शस्त्र उचलले नव्हते. तरी प्रशियन सेनापतींनी खंडणी लादली. सुमारे साठ लाख गुल्डन भरून होतात न होतात तोच अडीच कोटींची दुसरी मागणी आली, आणि ती वसूल करण्यासाठी नगराच्या प्रतिनिधींची नावनिशी व मिळकतींची यादी मागण्यात आली. नगराध्यक्ष कार्ल फेल्नर याने ती यादी दिली नाही. २४ जुलै १८६६ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्याने गळफास लावून घेतला. त्या सालाचा, १८६६ चा, फ्रांकफुर्टचा टालर हा स्वतंत्र नगराचा शेवटचा. पुढच्या वर्षांतील टालर त्याच टांकसाळीत निघाले, परंतु त्यांवर प्रशियाच्या राजाचे मस्तक आणि खाली टांकसाळीची खूण म्हणून एक बारीकसे रोमन अक्षर. वर्णमालेतील पहिले अक्षर बर्लिनचे, दुसरे हॅनोव्हरचे, तिसरे फ्रांकफुर्टचे. भिंगाखाली ते अक्षर पाहणाऱ्या संग्राहकाला एका गावाचे काय झाले ते कळते.

हॅनोव्हरचीही तीच गत. या राज्याचा राजा १८३७ पर्यंत इंग्लंडचाच राजा असे, म्हणून चौथ्या विल्यमचे मस्तक हॅनोव्हरच्या टालरवरही आहे आणि १८३५ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयावरही. हे दोन नग एका तबकात शेजारी ठेवले म्हणजे एका माणसाच्या दोन राज्यांचा विस्तार नकाशावाचून समजतो. स्त्रीला गादी देण्यास हॅनोव्हरचा कायदा आड आला म्हणून व्हिक्टोरियाकडे इंग्लंड गेले आणि हॅनोव्हर तिच्या काकाकडे. त्याचा अंध पुत्र पाचवा गेओर्ग याने १८६५ मध्ये वॉटर्लूच्या विजयाचा सुवर्णमहोत्सवी टालर काढला. ज्या प्रशियाच्या खांद्याला खांदा लावून हॅनोव्हरचे शिपाई तेथे लढले होते, त्या प्रशियाने पुढच्याच वर्षी हॅनोव्हर गिळले.

या नाण्यांच्या मागे लागणाऱ्याने काही व्यावहारिक गोष्टी जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे कड. पुष्कळ टालरांच्या कडेवर अक्षरे दाबलेली असतात. प्रशियाच्या कडेवर 'ईश्वर आमच्याबरोबर', सॅक्सनीच्या कडेवर 'ईश्वर सॅक्सनीचे कल्याण करो', हॅनोव्हरच्या कडेवर संकटांना न डरण्याचे लॅटिन ब्रीद. साच्यात ओतलेल्या बनावट नगाला दोन्ही बाजू कशाबशा जमतात. कड जमत नाही. दुसरी म्हणजे तराजू. साडेअठरा ग्रॅमांचा टालर झिजून थोडा हलका होईल, पण जड होणार नाही. तिसरी गोष्ट टाक्याची. बव्हेरियाचे शेतकरी सणावारी पोटावर चांदीची साखळी मिरवीत आणि तिला नाणी अडकवीत. त्यासाठी टालरला कडी डाखलेली असे. आपल्याकडे व्हेनिसच्या मोहरांची पुतळ्यांची माळ झाली, तोच प्रकार. नंतर कोणी ती कडी काढून जागा घासून टाकतो, आणि विकताना त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. वरच्या कडेवर, बारा वाजण्याच्या जागी, भिंग धरून पाहिले म्हणजे टाक्याचा डाग बोलतो. अशा नगाची किंमत निम्म्यावर येते.

आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्वच्छतेची हौस. चांदीवर शंभर-दीडशे वर्षांत जी करडी-निळसर झाक चढते ती नाण्याची कातडी होय. चिंच, राख, सोडा किंवा बाजारी पावडर लावून ती उतरविणारा माणूस पितळी तांब्या घासल्याप्रमाणे नाणे घासतो आणि चकाकणारा, जखमी तुकडा अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांपासूनही सांभाळावे. काही वर्षांत ती नाण्यावर हिरवट चिकटा सोडतात. नाणे धरावे ते कडेने, दोन बोटांत. अधिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना कुर्ट येगर यांच्या सूची, डॅव्हनपोर्ट यांचा टालरांवरील ग्रंथ, आणि आर्नोल्ड, क्युथमान व श्टाइनहिल्बर या त्रयीची मोठी सूची उपलब्ध आहे. जर्मन येत नसले तरी चित्रे आणि क्रमांक यांच्या आधारे पुष्कळ काम भागते. बर्लिन, ड्रेस्डेन आणि म्युनिक येथील नाणेसंग्रह पाहावयास मिळाले तर उत्तमच.

एवढी नाणी पाडली गेली आणि त्यांतील एवढी थोडी उरली, याचे कारण १८७१ मध्ये आहे. फ्रान्सचा पराभव करून जर्मन साम्राज्य उभे राहिले. प्रशिया, सॅक्सनी, बव्हेरिया, व्युर्टेंबर्ग यांनी विजयाचे टालर काढले, ब्रेमेनने शांततेचा काढला, आणि जणू त्या उत्सवातच टालरचे आयुष्य संपले. डिसेंबर १८७१ आणि जुलै १८७३ च्या कायद्यांनी नवा मार्क आला, सोन्याच्या आधाराने. एका टालरास तीन मार्क, दक्षिणेच्या गुल्डनास एक मार्क एकाहत्तर फेनिग. जुने दुहेरी टालर, गुल्डन, क्रॉइट्सर गोळा होऊन मुशीत गेले. त्यातही सरकारने हात मारून घेतला. पौंडभर चांदीतून पूर्वी तीस टालर, म्हणजे नव्वद मार्क निघत. आता त्याच चांदीतून शंभर मार्क पाडण्यात आले. उरलेली चांदी १८७३ ते १८७९ या काळात लंडनच्या बाजारात विक्रीस काढली.

ही विक्री हिंदुस्थानाला भोवली. जर्मनीच्या मागोमाग फ्रान्स आणि त्याचे सहकारी देश यांनी चांदीची टांकसाळ आवरली, अमेरिकेतील नेव्हाडाच्या खाणींतून नवी चांदी लोटत होती, आणि चांदीचा भाव जो घसरला तो सावरलाच नाही. हिंदुस्थानचा रुपया निखळ चांदीवर उभा. १८७३ च्या सुमारास त्याची लंडनमध्ये बावीस पेन्सांच्या आसपास किंमत येई. १८९२-९३ मध्ये ती पंधरा पेन्सांवर आली. विलायतेला दरवर्षी पौंडांत भरावयाचा खर्च तेवढाच, म्हणून रुपये अधिक, म्हणून कर अधिक. अखेर २६ जून १८९३ रोजी सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. तोवर कोणीही आपली चांदी मुंबईच्या टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवसापासून शेतकऱ्याच्या बायकोच्या पायातील तोडे आणि सावकाराच्या थैलीतील रुपये यांची चांदी सारख्या मोलाची राहिली नाही. दुष्काळात तोडे विकावयास गेलेल्याला हा फरक सराफाच्या पेढीवर उमगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात या सर्व उलथापालथीची चिकित्सा केली आहे. म्युनिकच्या मुशीत वितळलेला गुल्डन आणि वऱ्हाडातील तोडे यांचा संबंध ज्याला पाहावयाचा असेल त्याने तो ग्रंथ वाचावा.

साधा टालर मात्र चिवट निघाला. मुशीतून निसटलेले नग तीन मार्कांच्या भावाने बाजारात फिरत राहिले. राजे गेले, राज्ये गेली, हॅनोव्हरचा अंध राजा परदेशात वारला, तरी त्याचे मस्तक भाजीवालीच्या पेटीत वाजत होते. १ ऑक्टोबर १९०७ रोजी टालर चलनातून अधिकृतपणे बाद झाला. पुढच्या वर्षी सरकारने तीन मार्कांचे नवे नाणे काढले, आणि लोक त्यालाही टालरच म्हणू लागले.